शंकरपाळ्यांचं कौतुक

रविवार, ३ सप्टेंबर २००६, एडिसन

अखेर माझं ईमेलचं खातं उघडलं! उद्या इथे कामगारांची सुट्टी, म्हणून हर्षिता कॉलेजातून घरी आली आहे. तिनंच उघडून दिलं. म्हणाली, "आजी, पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही हं." मी म्हटलं, "बाई, आधी मला आठवू दे, मग सांगते कुणाला!"

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं मराठी यांनी आणलेल्या वर्तमानपत्रांवर झालं नि इंग्रजी माझ्या लेकाच्या, प्रितमच्या पुस्तकांवर. प्रितम पाढे म्हणायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात डोकावायची. मग आता हे कम्प्युटरचं का नाही जमणार? बोटं सावकाश चालतात, पण चालतात.

रविवारच्या बुद्धवंदनेला जमणाऱ्या आपल्या मंडळींचा एक गट आहे. एकाच पत्त्यावर पाठवलं की साऱ्या घरांत पोचतं. हर्षितानं तो पत्ताही माझ्या खात्यात घालून दिला.

दुपारी कादंबरी आली. नागपूरची पोट्टी, इथे मामाकडे राहून शिकते, तेही हर्षिताच्याच कॉलेजात. मामा-मामी दोघंही नोकरीवर, डोक्यावरून हात फिरवायला घरात कुणी नाही. म्हणून दर रविवारी मी तिच्या केसांना तेल लावते. खोबरेल तेलात मेथ्या नि कढीपत्ता कढवून बाटली भरून ठेवते, ते. कमरेखाली जातात तिचे केस. तेल लावताना ती घरच्या गोष्टी सांगते आणि मध्येच गप्प होते. तेव्हा मी काही विचारत नाही, नुसती चोळत राहते.

आज म्हणाली, "आजी, हर्षिताच्या सोरॉरिटीत जायचं आहे मला. घेतील का?" हे सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं मंडळ. एका घरात राहतात, एकमेकींना बहिणी म्हणतात, पीडित बायकांच्या आश्रमासाठी दरवर्षी निधी जमवतात. नाव तीन ग्रीक अक्षरांचं आहे, माझ्या जिभेला वळत नाही. मी बहिणीमंडळ म्हणते. सगळ्या आपल्याकडच्याच, कुणी पंजाबी, कुणी गुजराती, पण जन्म इथला. हर्षिता त्यांची सेक्रेटरी आहे.

मी म्हटलं, "घेतील की! आपली हर्षिता आहे ना तिथे." हर्षिता जिन्यात उभी होती. "We'll see, आजी," म्हणाली नि खिडकी उघडली. उकडत असेल.

नव्या मुलींसाठी त्यांचा कार्यक्रम आहे, त्याला खारे शंकरपाळे करून दिले. मोठा डबा भरला.

गुरुवार, १४ सप्टेंबर

आज मला हर्षिताचं पहिलं पत्र आलं! ईमेल म्हणजे पत्रच. इंग्रजीत होतं, पण सोपं. "आजी, look, तू फेमस झालीस." खाली त्यांच्या अध्यक्षीणबाई जास्मिननं लिहिलेलं: तुझ्या आजीचे 'डायमंड्स' सगळ्यांना इतके आवडले की पहिल्या दिवशीच डबा रिकामा, आजीला आमचं प्रेम सांग. डायमंड्स म्हणजे माझे शंकरपाळे.

त्याच्याही खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. ओळीच्या सुरुवातीला बाणासारख्या खुणा, भलं लांब शेपूटच. मुलींचं आपसातलं बोलणं दिसत होतं. ते मी वाचलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत.

पण कौतुक एकटीनं गिळून कसं पचायचं? सूनबाई शैलजा कामावर, प्रितम कामावर. मग हर्षितानं शिकवलं होतं तसं 'फॉरवर्ड' दाबलं आणि रविवारच्या गटाला धाडून दिलं. वर माझ्या बोटांनी एक ओळ जुळवली: "बघा, आमची नात कोणत्या मुलींमध्ये राहते." पाऊण तास लागला त्या एका ओळीला. पण गेलं बरोबर.

रविवार, १७ सप्टेंबर

वंदनेला गेलो. दादारावांच्या घराच्या तळघरात जमतो आम्ही. दादाराव आमच्यातले वडीलधारे, पोस्टातून निवृत्त झाले आहेत, सगळा कार्यक्रम तेच बघतात.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या बायका शंकरपाळ्यांची कृती विचारतील. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट मी आत गेले तर कुजबुज थांबली, आणि दोघीतिघींनी उठून मला खुर्ची दिली. चहाच्या वेळी दादाराव जवळ आले, हात जोडून म्हणाले, "रत्नाताई, याला छाती लागते."

मी म्हटलं, "छाती कसली दादाराव, मोहन जरा हात सैल सोडून घातलं की झालं."

त्यांनी पुन्हा हात जोडले. मग म्हणाले, "हाच तुमचा मोठेपणा." माणूस भला आहे, पण कधी कधी फार जड बोलतो.

कादंबरी वंदनेला आली नाही, दुपारी घरीही आली नाही. तेल गरम करून ठेवलं होतं. फोन केला तर म्हणाली, "अभ्यास आहे आजी." आवाज बसलेला. सर्दी असेल.

बुधवार, २० सप्टेंबर

हर्षिताचा फोन आला. नुसती रडत होती. मी "काय झालं माय, काय झालं" म्हणत राहिले, तर म्हणाली, "मम्मीला दे."

शैलजानं नंतर सांगितलं ते असं. बहिणीमंडळातल्या मुलींनी आपसात लिहिलेली खासगी पत्रं कुणीतरी बाहेर फोडली. हिंडत हिंडत ती कॉलेजच्या वर्तमानपत्रात छापून आली. नव्या मुलींबद्दल काहीबाही लिहिलं होतं म्हणे, कोण कशी दिसते, कोण कशी बोलते. आता सगळं कॉलेज त्यांच्या नावानं शंख करतंय. नव्या यायच्या होत्या त्यांनी पाठ फिरवली. आश्रमानंही कळवलं, यंदा तुमचा निधी नको. कॉलेज चौकशी करणार आहे, मंडळ बंदही होऊ शकतं.

मी म्हटलं, "पण हे बाहेर काढलं कुणी?"

शैलजा सिंकमधली भांडी घासायला लागली. इथे भांड्यांचं मशीन आहे, तरी.

ज्यानं कुणी हे केलं, त्याला काय मिळालं? लेकींनी आपसात काही वेडंवाकडं लिहिलं असेल, त्यांना घरातल्या घरात ओरडा. असं चव्हाट्यावर? जो कुणी असेल त्याच्या बोटांना मुंग्या येवोत. (हे लिहिलं नि वाईट वाटलं. मुंग्या जरा कमी येवोत.)

त्यात कम्प्युटर बिघडला आहे. प्रितम म्हणतो व्हायरस आहे, तू हात लावू नकोस. संध्याकाळी तो स्वतः मात्र त्याच्यावर ऑफिसचं काम करत होता. त्याला तो व्हायरस चावत नसेल.

शनिवार, ७ ऑक्टोबर

हर्षिता दोन मोठ्या बॅगा घेऊन घरी आली. बहिणींचं घर सोडलं, सेक्रेटरीपद सोडलं. आता इथून ट्रेननं कॉलेजला जाणार. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं म्हणे, की ती पत्रं माझ्यामुळे बाहेर गेली.

मी म्हटलं, "खोटं. तू मेलीस तरी असं करणार नाहीस. कुणाला पाठीशी घालते आहेस?"

ती बॅगेची चेन उघडायला लागली.

"सांग ना, काहून घालतेस? कोण आहे ती?"

"Somebody who didn't know, आजी. तिला कळलंच नव्हतं."

"कळलं नव्हतं तर आता तरी समोर यावं तिनं! तिच्या वाटच्या शिव्या तू काय म्हणून खायच्या? अशी कशी गं ती मैत्रीण?"

हर्षिता एकदम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. सहावीत गेल्यापासून असं पडली नव्हती. म्हणाली, "आजी, तू तिला काही बोलू नकोस. She is the best."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. कसला तरी फळांच्या वासाचा साबण लावते, केस कोरडे ठणठणीत. मनात म्हटलं, ती मैत्रीण भाग्याची. पण भेटली तर दोन शब्द सुनावणार मी तिला. प्रेमानं, पण सुनावणार.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली. गावच्या शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. पांढरी साडी नेसले. नागपुरात त्या दिवशी मी आईचा पदर धरून चालत होते, सोळा वर्षांची घोडी, पण गर्दीत हरवीन म्हणून सोडवेना. आज पदर धरायला कुणी नव्हतं, तर शैलजानंच माझा हात धरून ठेवला होता. फार घट्ट. मी दोनदा म्हटलं, "अगं, बांगडी रुतते."

भाषणात दादाराव म्हणाले, "आपल्यातच एक माउली आहे. लेकीबाळींवर हसणाऱ्यांचा खरा चेहरा तिनं उघड केला. स्वतःच्या नातीचीही गय केली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि मागे वळून पाहिलं, कोण ती बाई म्हणून.

सगळे माझ्याकडे बघत होते.

शैलजाला विचारलं, "हे मला म्हणताहेत?" ती म्हणाली, "आई, घरी जाऊन बोलू." घरी आलो तर प्रितम म्हणाला, "आई, थकली असशील, झोप." हर्षिता आज आलीच नव्हती, डोकं दुखतं म्हणून. कादंबरीही नव्हती. एवढा मोठा दिवस, आणि नागपूरची पोर नाही?

माझ्या भोवती काहीतरी आहे आणि ते मला कुणी दाखवत नाही. मी मंगळवारी कादंबरीच्या मामाकडे जाणार. तेलाची बाटली घेऊन.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

झालं तसं लिहिते.

शैलजानं मला मामाच्या दारात सोडलं नि म्हणाली, "मी गाडीतच थांबते." कादंबरीनं दार उघडलं. मी आधी ओळखलंच नाही. केस कापलेले. मानेपर्यंतही नाहीत, बोटभर.

माझ्या हातातली बाटली बघितली आणि तिचा चेहराच पडला.

"काय केलंस हे पोरी?"

"बरं वाटतं आजी. हलकं." मग म्हणाली, "मी यायला हवं होतं तुमचे आभार मानायला. पण हर्षिता असेल म्हणून नाही आले. तुम्ही ते पाठवलं नसतं ना, तर मी हसत हसत त्यांच्या दाराशी जात राहिले असते. मला सावध करायला तुम्ही घरच्या माणसाचा विचार केला नाही."

मी म्हटलं, "मी काय पाठवलं?"

 ती आत गेली आणि कागद घेऊन आली. वर माझीच ओळ. "बघा, आमची नात कोणत्या मुलींमध्ये राहते." पाऊण तास लागलेली ओळ. त्याखाली हर्षिताचं 'फेमस', त्याखाली जास्मिनचं कौतुक, आणि त्याखाली ते शेपूट.

चष्मा पुसला नि मी ते वाचलं. एकेक शब्द लावून. एकीनं लिहिलं होतं, ती तेलकट वेणीवाली नको, उशांना डाग पडतील. दुसरीनं लिहिलं होतं, तिचं इंग्रजी ऐकलं का, विमानातून आत्ताच उतरल्यासारखं. जास्मिननं विचारलं होतं, हर्षिता, तू तिला ओळखतेस ना? आणि त्याखाली माझ्या हर्षिताचं उत्तर. "Not really. माझ्या आजीच्या खोलीसारखा वास येतो तिला." पुढे हसल्याची खूण.

ओळखत नाही, लिहिलं होतं. आमच्या जिन्यात उभी राहून जिला रविवारी बघते तिला.

आणि ते तेल माझंच. माझ्याच हातानं चोळलेलं.

कादंबरी म्हणाली, "आजी, तुम्ही हे वाचूनच पाठवलं ना?"

'हो' अगदी ओठापर्यंत आलं होतं. ती किती विश्वासानं बघत होती! तिला इतक्या लांब देशात कुणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं, आणि मी नुसती मान हलवली असती तर ते तिला मिळालं असतं.

"नाही गं माय," मी म्हटलं. "मी शंकरपाळ्यांचं कौतुक पाठवलं. खालचं मी वाचलंच नव्हतं. तुझी थट्टा गावभर मीच वाटली."

ती खाली बसली. रडेल वाटलं, पण रडली नाही. बराच वेळ चटईचा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "आज राहू दे तेल."

बाटली परत आणली.

बुधवार, १८ ऑक्टोबर

हर्षिता कॉलेजातून आली तेव्हा मी कम्प्युटरसमोर बसले होते. व्हायरस नव्हताच.

ती दारातच थांबली. "कोणी सांगितलं?"

"कादंबरीनं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला लहान पोर केलंत."

"आजी, तुला इतकं वाईट वाटलं असतं..." मग माझ्याजवळ जमिनीवर बसली. "आणि it's not your fault. मीच तुला ती पूर्ण चेन पाठवली. मी scroll पण नाही केलं. मला फक्त तुला खूश करायचं होतं."

"पाठवल्याचं मी बघते," मी म्हटलं. "माझ्या खोलीला वास येतो?"

तिची मान खाली गेली.

"विचारते आहे मी. येतो?"

"येतो," ती म्हणाली. "चांगला येतो, आजी. शाळेत मुली मला चिडवायच्या, तेव्हापासून मी तेल बंद केलं. कादंबरी आली की मला वाटायचं, आता सगळ्यांना कळेल मीपण तिच्यासारखीच आहे. I was so scared. म्हणून आधीच हसले."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो हर्षितावर टिकेना. इयत्ता सहावीतली ती पोर, शाळेतून येऊन डोकं धूधू धुणारी, माझ्या डोळ्यासमोर आली. तेव्हा मी म्हणायचे, काय बाई स्वच्छतेची आवड हिला.

मग मी तिला म्हटलं, त्या जास्मिनला फोन लाव. ती नको नको म्हणत होती. मी लावायलाच लावला. माझं इंग्रजी मी आधी मनात जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, "I am Harshita grandmother. Button, I press. Not Harshita. You punish me."

 पलीकडून ती मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "आंटीजी, you only pressed it. We wrote it." आणि तीही रडायला लागली. मला कुठलं इंग्रजी आठवेना, म्हणून "खाना खाया?" विचारलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

हर्षितानं गाडी काढली, मला म्हणाली, "तू चल, पण बोलायचं मी." कादंबरीच्या दारात उभं राहून बोलली. मराठीत. अडखळत, चुकत, पण इंग्रजीच्या आड लपली नाही. "मी तुला ओळखते. मी खोटं लिहिलं. मला तुझी लाज नाही, माझी वाटत होती."

कादंबरीनं 'असू दे' म्हटलं नाही. बरं केलं. ती म्हणाली, "आजीच्या खोलीसारखा वास येतो, लिहिलंस ना? त्या वासासाठीच मी येत होते. माझी आजी गेल्या वर्षी गेली. परीक्षा होती, मला जाता आलं नाही."

दीड वर्ष मी तिच्या डोक्याला तेल लावते. हे मला ठाऊक नव्हतं.

दोघी तिथेच उभ्या राहिल्या. चहा कुणी विचारला नाही. आम्ही परत आलो.

रविवार, २९ ऑक्टोबर

आज घड्याळं तासभर मागे केली. शैलजा म्हणते, फुकटचा तास मिळाला.

वंदनेनंतर मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी कुठलीही माउली नाही, मी न वाचता पाठवलं, त्या टाळ्या परत घ्या. आणि ते पत्र ज्याच्या ज्याच्या घरी असेल त्यानं पुसून टाकावं, त्यात एका पोरीचं मन आहे. दादाराव चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "पण ताई, शंकरपाळे खरंच फेमस झाले होते का?" पहिल्यांदा हलकं बोलला तो माणूस.

कॉलेजच्या चौकशीचा निकाल लागला. बहिणीमंडळ वर्षभर बंद. घराला कुलूप, नाव पुसलं. हर्षिताला पुन्हा घेतील की नाही, तिलाही ठाऊक नाही. जास्मिन नि आणखी दोघी आश्रमात जाऊन भांडी घासतात, नाव न सांगता. कालपासून हर्षिताही जाते.

दुपारी दार वाजलं. कादंबरी. सरळ नेहमीच्या जागी, माझ्या पुढ्यात येऊन बसली. मी सवयीनं ओंजळभर तेल घेतलं. एवढेसे केस, ते सगळं ओघळून तिच्या कपाळावर, कानांवर आलं. "आजी, डोळ्यात!" म्हणून ती ओरडली. मी हसले, तीही हसली. केव्हापासून ऐकलं नव्हतं ते हसू.

हर्षिता जिन्यात उभी होती. मला वाटलं, खिडकी उघडेल. ती खाली आली, टॉवेलनं कादंबरीचं कपाळ पुसलं, आणि तिच्या शेजारी माझ्याकडे पाठ करून बसली.

"आजी," म्हणाली, "उरलंय का?"